छताइतकेच लक्ष माळाकडेही द्या

ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगेच्या महापुराने कोल्हापूरला वेढा दिला, तेव्हा उपसा केंद्रेच पाण्याखाली गेल्याने शहराचे नळ कोरडे पडले आणि चहूबाजूंनी पाणी असताना माणसे घागरी घेऊन टँकरची वाट पाहत उभी राहिली. त्या दिवसांत शिवाजी विद्यापीठाच्या आवारातले पाणी शहराच्या कामी आले. ते विद्यापीठ ज्या सागरमाळावर वसले आहे त्या माळावर पडलेल्या पावसाचे, तळ्यांत आणि विहिरींत साठवलेले पाणी होते. शैक्षणिक आवारात पावसाचे पाणी अडवण्याचा विषय निघाला की मला हेच उदाहरण आधी आठवते.

आपल्याकडे या विषयाची चर्चा छतापाशी सुरू होते आणि बहुतेक वेळा तिथेच संपते. थोडा हिशेब मांडून पाहा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. वर्षाचा पाऊस हजार मिलिमीटर धरला, तर हजार चौरस मीटरच्या गच्चीवरून, वाया जाणारे वजा करून, साधारण आठ लाख लिटर हाती लागते. विद्यापीठाचे आवार मात्र 853 एकरांचे, म्हणजे सुमारे 345 हेक्टरांचे आहे. तेवढ्याच पावसात त्यावर 345 कोटी लिटर पाणी पडते. त्यातले बरेचसे उडून जाते, झाडे पितात, काही वाहून जाते. तरी दहावा हिस्सा थोपवला, तर शेकडो गच्च्यांचे पाणी एका माळाने दिल्यासारखे होईल. भाषाभवनाजवळचे आणि संगीत विभागाजवळचे तळे उन्हाळ्यात पाहताना मला तळ्याइतकेच त्याच्या वरचे मोकळे गवताळ रान महत्त्वाचे वाटते. त्या रानात एखादी इमारत उभी राहिली, किंवा नव्या रस्त्याच्या गटाराने उताराचे पाणी परस्पर फाटकाबाहेर नेले, तर तळ्याचा गाळ कितीही उपसला तरी ते भरणार नाही. म्हणूनच कोणत्याही विद्यापीठाने बांधकामाचा आराखडा मंजूर करण्याआधी आवाराचा पाणलोट नकाशावर आखावा आणि ती जागा बांधकामाला बंद करावी, असे माझे ठाम मत आहे.

छताचे पाणी नको, असे मी म्हणत नाही. मात्र त्याची निगा राखावी लागते. मी एका महाविद्यालयात शिकवते. आमच्याकडे गच्चीच्या पाइपांखाली मोठे दगड, खडी, वाळू असे थर देऊन एक शोषखड्डा केला होता. उद्घाटन झाले, फलक लागला आणि पुढची काही वर्षे त्याचे झाकण कोणी उचललेच नाही. अखेर आम्ही काही जणींनी ते उचलले, तेव्हा वाळूवर चार बोटे काळा चिखल बसलेला होता. त्यात गुलमोहराच्या शेंगा आणि आइस्क्रीमचे कप रुतले होते. वरचे पाणी मुरत नव्हते, खड्ड्याच्या काठावरून सरळ पार्किंगमध्ये जात होते. फलकावर मात्र जलसंधारण चालूच होते, याचे मला फार वाईट वाटले.

आपल्याकडचा काळा पाषाण पाणी सहजासहजी पोटात घेत नाही. ते मुरते ते मुरमातून आणि खडकाच्या भेगांतून, त्यामुळे दिसेल तिथे खड्डा खणून भागत नाही. आधी विहिरींच्या पातळ्या आणि खडकाचे थर पाहावे लागतात. भूगोल आणि भूशास्त्राचे विभाग असलेल्या संस्थेने ही पाहणी बाहेरच्या ठेकेदारावर सोडावी, हे मला पटत नाही. विद्यार्थ्यांनी दर पंधरवड्याला दोरी सोडून विहिरीची पातळी मोजली, तर चार वर्षांत आवाराच्या पाण्याची एवढी माहिती जमा होईल की पाणी कुठे अडवायचे, हे अंदाजाने ठरवावे लागणार नाही.

आम्ही मे महिन्यात ती वाळू काढून धुतली, पन्हळी झाडल्या आणि पहिल्या पावसाचे मळके पाणी बाहेर सोडण्यासाठी पाइपाला एक साधा व्हॉल्व्ह बसवून घेतला. जूनमधल्या दुसऱ्या मोठ्या सरीनंतर मी झाकण उचलून पाहिले, तेव्हा पाणी काठापर्यंत आले नव्हते. वाळूत उतरत होते. विहिरीची पातळी लिहायची वही आता शिपाईमामांकडे आहे.