डांबर पडायच्या आधी

३ डिसेंबरचा दिव्यांग दिन जवळ आला की महाराष्ट्रातली चर्चा दोन ठरलेल्या वाटांनी जाते. एक, अपंग म्हणावं की दिव्यांग. दुसरी, ‘तिकडे अमेरिकेत बघा, लोकांची मानसिकताच वेगळी.’ पहिल्या वादाबद्दल इतकंच की, शब्द बदलल्याने एकाही फुटपाथची उंची इंचभर कमी झालेली नाही. दुसऱ्याबद्दल मात्र इथून, कॅलिफोर्नियातून, बोलायला हवं, कारण त्यात इथल्या लोकांना फुकटचं श्रेय मिळतं.

अमेरिकेचा अपंग हक्क कायदा २६ जुलै १९९० चा. शहरांनी त्यासाठीची बांधकामं २६ जानेवारी १९९५ पर्यंत उरकायची होती. कित्येकांचं अजून चालूच आहे. सॅक्रामेंटोने तर फुटपाथ या कायद्यात येतच नाहीत, असा पवित्रा घेतला होता. २००२ मध्ये अपील कोर्टाने तो मोडून काढला आणि तडजोडीत शहराला वाहतूक निधीतले २० टक्के, ३० वर्षांपर्यंत, या कामासाठी बांधून द्यावे लागले. लॉस एंजेलिसने ३० वर्षांत १.३ अब्ज डॉलरहून जास्त खर्च कबूल केला, तोही दावा अंगावर आल्यावर. यात मानसिकता कुठे आली?

खरा फरक पडला तो एका रुक्ष नियमाने. फिलाडेल्फियाच्या खटल्यात १९९३ मध्ये ठरलं की, रस्त्यावर नवा थर चढवणं म्हणजे रस्त्यात बदल करणं, आणि बदल केला की फुटपाथच्या कोपऱ्यावर व्हीलचेअर चढवायचा उतारही त्याच कामात करायचा. त्यामुळे गावपातळीवरच्या अपंग हक्क कार्यकर्त्याचं इथलं मुख्य काम मोर्चाचं नसून यादीचं असतं. पुढच्या वर्षी कुठले रस्ते होणार, ही यादी आधी मिळवायची. टेप आणि उतार मोजायची दोन फुटी डिजिटल लेव्हल घेऊन प्रत्येक कोपरा मोजायचा, टेप दिसेल असा फोटो काढायचा आणि कोपरानिहाय तक्ता निविदा निघायच्या आत अभियंत्याच्या हातात द्यायचा. निविदेनंतर तीच सूचना ‘वाढीव काम’ ठरते आणि अभियंता बचावाच्या पवित्र्यात जातो.

कोपऱ्यावर नेमकं काय चुकतं? सहा इंच उंच फुटपाथला १:१२ उतार (एक इंच चढायला बारा इंच लांबी) द्यायचा तर सहा फूट लांबी लागते. फुटपाथच सहा फूट रुंद असेल तर उतार तो सगळा खातो आणि वर व्हीलचेअर वळवायला सपाट जागा उरत नाही. मग अख्खा कोपराच रस्त्याच्या पातळीला उतरवावा लागतो, दोन्ही बाजूंनी उतार देऊन. तिथे पाणी साचतं. म्हणून पावसाळी चेंबर उताराच्या अलीकडे, पाणी येतं त्या बाजूला हवं. कोकणातल्या पावसात तर हवंच हवं. चेंबरच्या जाळीच्या फटी चालण्याच्या दिशेला आडव्या नसल्या, तर खुर्चीचं पुढचं छोटं चाक त्यांत अडकतं आणि माणूस तोंडावर पडतो.

आता घरची गोष्ट. मुंबईत रस्त्यांचं सिमेंटीकरण चालू आहे, पुण्यात फुटपाथ सारखे नवे होतात. दुचाकी चढू नयेत म्हणून खांब इतके जवळ रोवतात की व्हीलचेअरही आत जात नाही. मोकळी जागा किमान ९० सेंटिमीटर तरी हवी. पिवळ्या टाइल्स शोभेच्या नसतात, लांब रेघांची म्हणजे चाला, ठिपक्यांची म्हणजे थांबा. त्या सरळ डीपीच्या डब्यावर नेऊन आदळवल्या, तर नसलेल्या बऱ्या.

कायदा मात्र आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचं कलम ४४ सांगतं की, सुगम्यतेचे (दिव्यांगांना सहज वापरता येण्याचे) नियम न पाळणाऱ्या आराखड्याला परवानगी नाही, इमारतीला पूर्णत्वाचा दाखलाही नाही. जुन्या सार्वजनिक इमारतींना दिलेली पाच वर्षं २०२२ मध्येच संपली. आणि ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याच कायद्याखालच्या नियमावलीतल्या नियम १५ मधली पळवाट बंद केली: सुगम्यतेचे निकष शिफारशीवजा चालणार नाहीत, सक्तीचे हवेत. राज्याच्या दिव्यांग आयुक्तांनी शिफारस केली तर संबंधित कार्यालयाला तीन महिन्यांत काय केलं ते कळवावं लागतं.

एक गोष्ट मात्र इकडून उचलू नये. कॅलिफोर्नियात एका उल्लंघनामागे किमान चार हजार डॉलरची भरपाई मागता येते, म्हणून काही वकिलांनी छोट्या दुकानांवर दाव्यांचा धंदाच मांडला. दुकानदार चिडले, आणि बदनाम झाले ते खुर्चीवरचे लोक.

आणि एक आग्रह: फुटपाथचा उतार स्थानिक संस्थांच्या दिव्यांगांसाठीच्या ५ टक्के निधीतून मागू नका. तो पैसा माणसांसाठी आहे. उतार हा रस्त्याचा भाग, त्याचे पैसे रस्त्याच्याच निविदेत हवेत. वॉर्ड ऑफिसमधून माहिती अधिकारात पुढच्या कामाचं अंदाजपत्रक मागवा आणि उताराची ओळ शोधा. तिथे नुसतं ‘रॅम्प, १ नग’ असेल, लांबी आणि उतार लिहिलेलाच नसेल, तर ठेकेदार तो तीन फुटांत उरकणार. फोनमधली लेव्हल ठेवून बघा: १:१२ म्हणजे ४.८ अंश. तीन फुटांत उरकलेल्या रॅम्पवर आकडा साडेनऊच्या आसपास येतो.