९७ म्हणजे नॉर्मलच की!

कालचे ५०० रुपये अजून घशात अडकलेत म्हणून लिहितोय. भाच्याच्या मुंजीचा व्हिडिओ एक्स्पोर्ट होताना पीसी तिसऱ्यांदा हँग झाला, उचलला आणि मे महिन्यात भर दुपारी इंदुरातल्या एका दुकानात नेला. चूक माझीच म्हणा. चांगला ४.३ गीगाहर्ट्झवर चालणारा आय सेव्हन ८७०० के प्रोसेसर, मीच व्हिडिओ बघून बघून १.३५ व्होल्ट देऊन ५ वर चढवला होता.

दुकानातल्या पोराने प्रोसेसर किती तापतो त्याची टेस्ट लावली. "अंकल, ९७ जा रहा है."

शेजारच्या स्टुलावर मांडीत प्रिंटरचं कार्ट्रिज घेऊन एक काका बसलेले, ज्यांचा ह्यात काडीचा संबंध नाही, ते पुढे वाकले.

"मराठी ना? कुठले?"

"रामबाग."

"मग ९७ ला काय घाबरून राहिलात? ९८.६ पर्यंत नॉर्मल असतं."

म्हटलं काका, हे सेल्सिअस आहे, ह्यावर चहा होईल. १०० ला तो स्वतःच स्पीड पाडतो, फुल लोडला ८०-८५ च्या आत राहिला तर बरं.

"मोजलं कुठे?"

"चिपच्या आतच सेन्सर असतो."

"आत म्हणजे तोंडात धरल्यासारखंच. एक डिग्री वजा करा. काखेतलं ९६ भरेल."

तेवढ्यात पोरगा म्हणाला, "२४० वाला वॉटर कूलर लगवा लो." झालं, काका खुलले. "मी तेच म्हणून राहिलो! फक्त खस नवीन घाला, गेल्या वर्षीची कुबट वास मारते." मग मी बापडा, हा पीसीच्या आत बसणारा कूलर, २४० मिलिमीटरचा रेडिएटर, पंप, सीलबंद नळ्या असं सगळं समजावत बसलो.

"पाणी किती वेळा भरायचं?"

"भरायचंच नाही."

"पाणी उडत नाही तर थंड काय कपाळ होणार?"

आणि खरं सांगू, इथे मी गप्प झालो, कारण घरचा खसवाला कूलर पाणी उडतं म्हणूनच खोलीपेक्षा गार वारा देतो, आणि हा सहा-सात हजारांचा वॉटर कूलर काही केलं तरी खोलीच्या खाली जाऊ शकत नाही, अन् माझी खोली दुपारी ३९ असते. पण म्हणून काय कार्ट्रिजवाल्या माणसाने मला दुकानभर ऐकवायचं?

पोराने बायॉसमध्ये, म्हणजे पीसी चालू होतानाच्या सेटिंगमध्ये, सगळं ऑटोवर टाकलं. ४.३. व्होल्टेज उतरलं, आणि उष्णता व्होल्टेजच्या वर्गाने कमी होते, त्यामुळे आकडा थेट ७६. दोन मिनिटांचं काम, मला येत नव्हतं असं नाही, पण जे स्वतः चढवलं ते स्वतःच्या हाताने उतरवायला जिवावर येतं, त्याचेच ५०० घेतले त्याने. वर विचारतो काय, "अंकल, इस उमर में गेम?"

"उतरला बघा," काका म्हणाले.

हे काका मामीच्या ओळखीतले निघाले. घरी पोचलो तर आई दारातच, "तापला होता म्हणे?" तेव्हापासून तिने कूलरचं तोंड कॅबिनेटकडे केलंय, दमट वारा थेट मदरबोर्डवर. मी फिरवतो, ती परत फिरवते. खसही नवीन आणलीय.