फोडणीला धावून आलेला बंब

सात वर्षं मी ते पाकीट न उघडता कचऱ्यात टाकत होतो. दर शरदात यायचं. पांढरं, साधं, कोपऱ्यात लाल बंबाचं चित्र आणि खाली 'वार्षिक निधी'. पेन्सिल्वेनियात काय किंवा अमेरिकेत कुठेही काय, टपालात रोज इतकी रद्दी येते की मला वाटलं, अग्निशमन दलाच्या नावावर कुणीतरी पैसे उकळतंय. बंबाला कशाला वर्गणी लागेल? आपण टॅक्स भरतोच की.

मग एका रविवारी आमच्या घरी ठेचा झाला. तव्यावर मिरच्या, खिडक्या बंद, बाहेर बर्फ. घरभर खकाणा उठला. आम्ही दोघं खोकत छताखाली टॉवेल हलवतोय आणि अलार्म कोकलतोय. अलार्म कंपनीचा फोन वाजला असणार, पण तो ऐकायला कुणाचे कान मोकळे होते! आपण फोन उचलला नाही की कंपनी बंबाला कळवते. काही मिनिटांत दारात अख्खा बंब. त्यातून तिघं उतरली. एक माझ्या गाडीचं ऑइल बदलणारा मेकॅनिक. एक शाळेची बस चालवणाऱ्या बाई. तिसरा पन्नाशीचा गृहस्थ, अंगावर जाडजूड फायरकोट, डोक्यावर हेल्मेट, आणि गालावर रंगवलेलं निळं फुलपाखरू. नातीच्या वाढदिवसातून उठून आला होता.

तिघांनी घर तपासलं, मोठा पंखा लावून धूर बाहेर काढला. मी शरमेने अर्धा झालो होतो. फुलपाखरूवाल्याने तव्यात डोकावून विचारलं, "हे खाता तुम्ही?" मी हो म्हणालो. त्याने मान हलवली आणि निघून गेला.

आमच्या गावात पगारी अग्निशामक एकही नाही, हे मला त्या दिवशी कळलं. सात वर्षं राहून!

हे आमच्याच गावाचं नाही. पेन्सिल्वेनियातल्या बहुतेक फायर कंपन्या स्वयंसेवकांच्या आहेत. 'कंपनी' म्हणजे आपली नफ्यावाली कंपनी नव्हे, आपल्याकडच्या मंडळासारखी गोष्ट. बेंजामिन फ्रँकलिनने १७३६ साली फिलाडेल्फियात अशी एक कंपनी काढली. सभासदांनी स्वतःच्या चामडी बादल्या घेऊन धावायचं आणि जळत्या घरातलं सामान पिशव्यांत भरून बाहेर काढायचं. बादल्या गेल्या, बंब आले, पण पद्धत तीच राहिली. ९११ला, म्हणजे इथल्या आणीबाणीच्या नंबरला, फोन गेला की काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारखी ती) केंद्रातून इशाऱ्याचा टोन वाजतो, कमरेचे पेजर बोंबलतात, आणि लोक हातातलं काम टाकून आपापल्या गाडीने स्टेशनकडे सुटतात. गाडीवर निळा दिवा असतो, पण त्याने सिग्नल तोडायचा हक्क मिळत नाही. तो दिवा म्हणजे नुसती विनंती. तुम्ही रस्ता दिला तर दिला.

स्वयंसेवकांच्या दलांसाठी इथे एक मानक आहे: ग्रामीण भागात घराला आग लागली तर १४ मिनिटांत सहा माणसं पोचावीत, तेही शंभरातल्या ऐंशी वेळा. हे वाचून मी हसलो होतो. चौदा मिनिटं? मग एका प्रयोगाबद्दल वाचलं. जुन्या पद्धतीच्या लाकूड-कापसाच्या सामानाची खोली पूर्ण भडकायला २९ मिनिटं लागली, आणि आजच्या फोम-प्लॅस्टिकच्या सोफ्यांच्या खोलीला चारसुद्धा नाहीत. तेव्हापासून रात्री झोपताना बेडरूमची दारं लावून घेतो. तुम्हीही लावा. बंद दार धूर आणि आग बराच वेळ अडवून धरतं.

पण आग हा भाग छोटाच. देशभरच्या अग्निशमन दलांना येणाऱ्या कॉलपैकी आगीचे शंभरात चारच्या आसपास. बाकी काय असतं? छातीत दुखतंय. गाडी खड्ड्यात गेली. तळघरात पाणी भरलं. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजतोय. झाड विजेच्या तारेवर पडलंय. आणि एक कॉल असतो 'लिफ्ट असिस्ट'. म्हातारं माणूस पलंगावरून घसरून खाली बसलंय, लागलं काही नाही, पण उठता येत नाही आणि उठवायला घरात कुणी नाही. दोघंतिघं जातात, उचलून खुर्चीत बसवतात, पाणी देतात, परत येतात. पहाटे तीनला. पुन्हा सहाला कामावर.

म्हणून 'हिरो, हिरो' म्हटलेलं मला आताशा टोचतं. शँक्सव्हिलसारखी वेळ येते, नाही असं नाही. दोन-अडीचशे वस्तीचं ते गाव याच राज्यात आहे. ११ सप्टेंबर २००१ला युनायटेडचं विमान गावाजवळ कोसळलं आणि पहिली धावली ती तिथली स्वयंसेवक कंपनीच. टेक्सासातल्या वेस्ट नावाच्या गावात २०१३ साली खताच्या कारखान्यात आग लागली आणि मग स्फोट झाला. १५ माणसं गेली, त्यातली १२ मदतीला धावलेली होती. त्यांच्यापुढे मान झुकतेच. पण आमच्या गावचा मेकॅनिक वर्षातून कितीतरी वेळा ठेच्यासाठी, जळक्या टोस्टसाठी, वाफेने वाजलेल्या अलार्मसाठी उठतो. हिरो म्हणायला आपलं काय जातं? अलार्मची बॅटरी बदलायची तर शिडी आणावी लागते.

आता आमच्या मराठी ग्रुपवर झालेल्या वादाबद्दल. मी लिहिलं की पाकीट आलं तर पैसे पाठवा. लगेच उत्तर: "सरकारचं काम आहे, आपण का करायचं?" खरं सांगू, अर्धं पटतं मला. पाच लाख डॉलरच्या खाली नवा बंब मिळत नाही आणि तो घ्यायला जगातल्या श्रीमंत देशात लोक कोंबडी भाजून विकतात, बिंगो खेळवतात, लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांतल्या, शुक्रवारी मासे तळतात. हे काही कौतुकाने सांगायचं लक्षण नाही. पण पगारी माणसं ठेवायची तर हिशोब करा: बंबावर चोवीस तास चार जण हवेत, म्हणजे पाळ्या धरून डझनाच्या वर नोकर. दोन-तीन हजारांच्या गावाला ते कसं झेपायचं?

आणि माणसं आटत चाललीत. १९७०च्या दशकात या राज्यात ३ लाखांच्या घरात स्वयंसेवक होते, २०१८च्या अहवालात आकडा ३८ हजारांवर आला. पूर्वी गावातच कारखाना असे, भोंगा वाजला की मालक कामगारांना सोडी. आता गाव दिवसा रिकामं. सगळे तासभर लांब नोकरीला, दोघंही कमावणारे, आणि आत शिरून आग विझवायची तर आधी दोनशे तासांच्या घरात प्रशिक्षण. माझं मत असं की दिवसाची पाळी टॅक्समधून पगारी करावी आणि रात्री गावाने सांभाळाव्यात. काही ठिकाणी तसं सुरू झालंय. टॅक्स वाढेल. वाढू दे.

मी काय केलं ते सांगतो, बढाई म्हणून नव्हे, सोपं आहे म्हणून. बावन्नाव्या वर्षी शिडी चढणं जमणारं नव्हतं. मी 'फायर पोलीस' झालो. शपथ घ्यायची, चमकणारं जाकीट घालायचं आणि अपघाताच्या जागी रस्ता अडवून गाड्या वळवायच्या. पुण्यात विसर्जन मिरवणुकीत दोर धरून उभं राहिलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. शिव्या इथेही तशाच मिळतात, फक्त काच बंद असते. गेल्या हिवाळ्यात पडलेल्या तारेपाशी वीज कंपनीची गाडी येईपर्यंत साडेतीन तास उभा होतो. काही घडलं नाही. बोटं तेवढी दोन दिवस दुखत होती.

माझं आजोळ माण तालुक्यातलं. लहानपणी तिथे कडब्याची गंजी पेटलेली पाहिली होती. तालुक्याहून बंब येईपर्यंत राखच उरली असती. पण ओरडा झाला आणि भांडणं असलेली दोन घरंसुद्धा एकाच विहिरीवरून कळशा ओढत होती. आता आपल्याकडे बऱ्याच गावांत ग्राम सुरक्षा यंत्रणा आली आहे, एक फोन केला की गावातल्या सगळ्यांचे फोन एकदम वाजतात. म्हणजे टोन झाला. पुढे पंप, पाइप आणि तो धरायला शिकलेली दहा पोरं एवढंच राहिलं. ते कुणी का करत नाही, मला माहीत नाही. बिबट्या आला की मात्र सगळे जमतात.

परवा स्टेशनच्या हॉलमध्ये बसून यंदाची पाकिटं भरत होतो. बसवाल्या बाई पत्ते चिकटवत होत्या, मी पत्र घडी घालून आत सारत होतो. एका पाकिटावर माझंच नाव आलं. ते बाजूला काढून मी चेकबुक शोधू लागलो, तर फुलपाखरूवाल्याने पाकीट माझ्या हातातून घेतलं आणि ढिगात टाकलं.

"टपालाने येऊ दे," तो म्हणाला. "उघडून तर बघ, आत काय लिहिलंय ते."