परसातला ट्रक

पोरांना परसात बास्केटबॉल खेळायला जागा करून द्यायची, एवढंच ठरलं होतं. एक खांब, एक रिंग, खाली सपाट जमीन. परवा अंदाजपत्रक हातात पडलं आणि तेव्हापासून मी घरात कुणाशी धड बोललेलो नाही.

मापं घ्यायला कॉन्ट्रॅक्टर आला. त्याच्या मागोमाग पांढऱ्या शर्टातले एक वयस्कर गृहस्थ, हात पाठीमागे बांधून. त्याचे साहेब असावेत, म्हणून मी खुर्ची दिली. ते बसले नाहीत.

"चार इंच काँक्रीट पुरे," कॉन्ट्रॅक्टर म्हणाला.

गृहस्थांनी बुटाच्या टोकाने जमीन टोकरली. "सहा घाला."

"पोरंच खेळणार ना, काका?"

"उद्या ट्रक आला तर?"

मी मधे पडलो. "अहो, परसात ट्रक कुठून येईल? फाटकातून सायकल आणताना हँडल घासतं."

"येणार नाहीच. पण आला तर?"

यावर आम्हा दोघांकडेही उत्तर नव्हतं. वहीत चाराचे सहा झाले.

अर्धं कोर्ट म्हणजे 14 बाय 15 मीटर. चार इंची थराला साधारण 21 घनमीटर काँक्रीट लागतं, म्हणजे 50 टन वजन. सहा इंचांना त्याच्या दीडपट. हा हिशेब मी रात्री अंथरुणात केला आणि मग झोपच लागली नाही. शिवाय खाली खडी टाकून रोलर फिरवायचा, पाणी साचू नये म्हणून ढाळ द्यायचा, वाटेल तिथे तडे जाऊ नयेत म्हणून खाचा मारायच्या. वर रंग चढवायचा तर आधी काँक्रीट 28 दिवस मुरू द्यायचं. तेवढे दिवस पोरं रोज विचारणार, "झालं का?"

1891 साली जेम्स नायस्मिथने हा खेळ शोधला तेव्हा त्याने शिपायाकडे खोकी मागितली. शिपायाकडे पीचच्या दोन टोपल्या होत्या. त्या गॅलरीच्या कठड्याला ठोकल्या आणि झालं. कुणी त्याला ढाळ विचारला नाही. आजही रिंग 3.05 मीटरवरच असते. फरक इतकाच, की त्याचं काम खिळ्यांत भागलं.

गृहस्थ मग खांबाकडे वळले. "हँडल फिरवून रिंग खाली-वर होते, तसला घ्या. पोरं वाढतात." वाढतात, हे खरंच. "आणि बोर्ड काचेचा."

"काच फुटेल ना?"

"फुटते ती काच वेगळी." कॉन्ट्रॅक्टरनेही मान डोलावली. खांब आणि बोर्डाची आगाऊ रक्कम मी तिथेच दिली. मोठ्या माणसासमोर घासाघीस करायची कशी?

काल फोन केला. म्हटलं, "तुमच्या साहेबांनी खर्च फार वाढवून ठेवला हो."

"माझे साहेब? मी तर त्यांना तुमचे सासरे समजलो!"

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मी सहाचे चार करायला सांगितले.

"करतो की. पण तेवढं लेखी द्या."

"काय लेखी?"

"की सहा तुम्हीच नको म्हणालात."

दिलं लिहून. काचेच्या बोर्डाचे पैसे मात्र परत मिळणार नाहीत, ऑर्डर गेलीय म्हणे. आणि ते गृहस्थ आज सकाळी पलीकडच्या घरी विहिरीची खोली सांगताना दिसले.