‘आहार-व्यायामाने कोलेस्टेरॉल हलत नाही’ : एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

‘कोलेस्टेरॉल यकृतच तयार करते, त्यामुळे खाण्याचा त्याच्याशी संबंध नाही, अमेरिकेनेही मर्यादा उठवली आहे, एकूण आकडा 200 च्या आत असला की निश्चिंत राहा, आणि चालून एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) उतरत नाही,’ अशा आशयाचा मजकूर व्हॉट्सॲपवर सतत फिरत असतो. त्यातले प्रत्येक विधान थोडे खरे आहे, म्हणूनच ते पटते. मात्र पोट सुटलेल्या, साखर आणि रक्तदाब काठावर असलेल्या माणसाने, म्हणजेच मेटाबॉलिक सिंड्रोमच्या रुग्णाने, त्यावर विसंबणे धोक्याचे आहे.

पहिला मुद्दा यकृताचा. शरीरातले बहुतेक कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच तयार करते, हे बरोबर आहे. पण रक्तातले एलडीएल उचलून घेण्याचे कामही प्रामुख्याने यकृताचेच असते आणि आहारात संपृक्त स्निग्धांश (सॅच्युरेटेड फॅट, जे तूप आणि खोबरेल तेलात भरपूर असतात) वाढले की ते काम मंदावते. अमेरिकेच्या 2015–2020 च्या आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांतून 300 मिलिग्रॅमची मर्यादा वगळली गेली, ती अन्नातल्या कोलेस्टेरॉलची. संपृक्त स्निग्धांशांतून मिळणारे उष्मांक एकूण उष्मांकांच्या 10 टक्क्यांहून कमी असावेत, हे बंधन त्याच तत्त्वांत कायम आहे. त्यामुळे या बदलाचा दाखला देऊन तूप आणि खोबरेल तेल सढळ हाताने वापरा असे सांगणे चुकीचे आहे.

एकूण आकड्याचा मुद्दा मला सर्वांत घातक वाटतो. समजा, एखाद्या पुरुषाच्या अहवालात एकूण कोलेस्टेरॉल 196, एलडीएल 110, एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) 34 आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) 260 आहे (सर्व आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर). वरवर पाहता सगळे ठीक दिसते. पण मेटाबॉलिक सिंड्रोमच्या निकषांत एलडीएल मुळी नाहीच. तिथे ट्रायग्लिसराइड 150 किंवा अधिक, एचडीएल पुरुषांत 40 हून आणि स्त्रियांत 50 हून कमी, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर आणि कंबरेचा घेर (आपल्याकडे पुरुषांसाठी 90, स्त्रियांसाठी 80 सेंटिमीटर) या पाचांपैकी तीन गोष्टी पाहतात. इन्सुलिनला दाद न देणाऱ्या चरबीतून मेदाम्ले (फॅटी ॲसिड) यकृताकडे लोटली जातात, यकृत ट्रायग्लिसराइडने भरलेले कण रक्तात सोडते, एचडीएल घटते आणि एलडीएलचे कण लहान व संख्येने अधिक होतात. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा केले की वरच्या अहवालात 162 उरतात. डॉक्टरांना हा ‘नॉन-एचडीएल’ आकडा, म्हणजे ‘चांगले’ सोडून उरलेले सगळे कोलेस्टेरॉल, जरूर विचारावा.

याच कारणाने, नुसते तेल-तूप कमी करून त्याची भर साखरेचा चहा, बिस्किटे, मैद्याची खारी आणि उपवासाची साबुदाणा खिचडी यांनी काढली, तर ट्रायग्लिसराइड उलट वाढू शकते. मटकी, हरभरा, ओट्स यांतले विरघळणारे तंतू एलडीएल थोडे उतरवतात. ताटात त्यांना जागा मिळायला हवी.

राहिला व्यायाम. 1998 साली प्रसिद्ध झालेल्या स्टेफनिक आणि सहकाऱ्यांच्या अमेरिकेतील चाचणीत एचडीएल कमी आणि एलडीएल जास्त असलेले पुरुष आणि रजोनिवृत्त स्त्रिया होत्या. वर्षभर केवळ आहार बदललेल्यांचे एलडीएल लक्षणीय उतरले नाही. आहाराला व्यायामाची जोड दिलेल्या गटात ते स्त्रियांत सुमारे 14 आणि पुरुषांत 20 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरने उतरले. 2002 मधील क्राउस आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात आठ महिन्यांच्या व्यायामानंतर एलडीएलचा आकडा जवळजवळ तसाच राहिला, पण घातक लहान कण कमी झाले, आणि तेही वजन फारसे न घटता. तिथे व्यायाम किती जोराचा यापेक्षा एकूण किती केला हे महत्त्वाचे ठरले. म्हणून वजनकाटा हलला नाही तरी चालणे सोडू नये.

या संदेशांच्या शेवटी बहुधा गोळ्या बंद करण्याचा सल्लाही असतो. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या किंवा एलडीएल आनुवंशिकतेने फार वाढलेल्या रुग्णाला आहार आणि व्यायाम आवश्यक असले, तरी ते स्टॅटिनची (कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळ्यांची) जागा घेऊ शकत नाहीत, आणि अशा रुग्णाने डॉक्टरांना न विचारता गोळी सोडणे जिवावर बेतू शकते.