ढाळ नसेल तर जाड डांबरही टिकत नाही

लेखात म्हटलंय की पार्किंग उखडतं ते डांबराचा थर पातळ टाकल्यामुळं. अर्धंच खरं आहे ओ. आमच्या खानापूर रोडवरच्या कार्यालयाच्या आवारात थर चांगला जाड होता, तरी दुसऱ्याच पावसाळ्यात खड्डे. कारण काय, तर गटाराच्या चेंबरची जाळी डांबरापेक्षा दोन बोटं वर! पाणी जाणार कुठं? तिथंच डबकं, आणि त्यावरून रोज मालाचे टेम्पो. साचलेलं पाणी खडीवरचं डांबर सोडवतं, खालचा मुरूम मऊ करतं, मग चाकाखाली सगळं भुसभुशीत.

ढाळ साधारण दीड ते दोन टक्के तरी हवा. म्हणजे 20 मीटर लांबीत 30 ते 40 सेंटीमीटर उतार. डोळ्याला तो जाणवतसुद्धा नाही, म्हणून तर कंत्राटदार ‘हाय की ढाळ’ म्हणून मोकळा होतो. आणि हा ढाळ मुरूम-खडीच्या थरातच काढायला लागतो, वरच्या डांबरात ओढूनताणून नाही.

निपाणी-चिकोडीकडं तर काळी माती. ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. तिथं कडेनं पाणी आत शिरलं की तडे आलेच, त्यामुळं बाजूचं गटार आधी.

आम्ही दुरुस्तीनंतर बिल देण्याआधी टँकरनं पाणी ओतून बघितलं. तासाभरानं दोन ठिकाणी डबकी दिसली, ती पुन्हा करून घेतली. कंत्राटदार अजून बोलत नाही आमच्याशी.