पंचामृतात उरली साखर

आमच्या घरात सध्या दुधावरून आवाज चढतात. मटणावरून नाही, दुधावरून. आम्ही मूळचे कोल्हापूरचे, आता पुण्यात, दर रविवारी सुकं खोबरं भाजल्याचा वास तिसऱ्या मजल्यावरून खाली पार्किंगपर्यंत जाणारं आमचं घर, तिथे हे दिवस येतील असं कोणी म्हणालं असतं तर मी त्याला वाटीभर तांबडा पाजून परत पाठवला असता. पण नोव्हेंबरात एक दिवस पोरगी ऑफिसातून आली, चपला काढल्या आणि म्हणाली, "बाबा, मी व्हीगन झाले." मी पेपरात डोकं घातलेलं, मला वाटलं प्रमोशन झालं. "अरे वा! पगार किती वाढला?"

आईला सांगणं हे वेगळंच प्रकरण. आई ७८ ची. मटण-अंडी सोडली एवढं ऐकून ती खुश, चला घरात एक तरी माळकरी निघाली. मग कळलं दूध नाही, दही नाही, तूप नाही, मधसुद्धा नाही. आई जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "मग उपासाला काय खाते गं ही?" शेवटी शेंगतेलात साबुदाण्याची खिचडी झाली आणि खरं सांगतो, तुपातल्यापेक्षा बरी लागली, पण हे मी त्या घरात मोठ्याने बोलू शकत नाही, दोन्ही पार्ट्या माझं वाक्य वापरतील.

मी वाद घालायला नको होता. पण बाप माणूस, सवय. माझ्याकडे भात्यात एकच बाण होता, बदाम. म्हटलं, तुमचं ते बदामाचं दूध, जगातले बहुतेक बदाम कॅलिफोर्नियात पिकतात, तिथे पाण्याची बोंब, हे कसलं पर्यावरण? पोरगी शांतपणे म्हणाली, बाबा, २०१८ चा ऑक्सफर्डवाल्यांचा अभ्यास आहे, एक लिटर बदाम दुधाला ३७१ लिटर पाणी आणि एक लिटर गाईच्या दुधाला ६२८. ओटला ४८. झालं, संपला बाण. मग मी एकदम गांधीजींवर गेलो, गांधीजींनीसुद्धा गाई-म्हशीचं दूध सोडलं होतं आणि पुढे आजारपणात शेळीचं प्यायले, म्हणजे पळवाट आहेच ना! तर म्हणे, त्यांनी त्याबद्दल आपल्याला किती टोचणी लागली ते स्वतःच लिहून ठेवलंय, तुम्हाला लागते का? आता ह्याला काय उत्तर देणार. मला तर दुपारची झोपसुद्धा टोचत नाही.

सगळ्यात मजा आली ती तळमजल्यावरच्या काकांची. हे शुद्ध शाकाहारी. गेली अकरा वर्षं दर रविवारी जिन्यात भेटले की नाकाला रुमाल लावून "जीवहत्या हो, जीवहत्या" म्हणायचे आणि आम्ही आपले मान खाली घालून मटणाची पिशवी मागे लपवायचो. पोरीचं कळल्यावर ते अभिनंदन करायला वर आले, श्रीखंडाचा डबा घेऊन! पोरीने अगदी गोड आवाजात त्यांना विचारलं, काका, म्हशीला दूध यायला आधी काय व्हावं लागतं? पिल्लू. मग ते पिल्लू कुठे जातं? काका पाचव्या मिनिटाला "ज्याने त्याने आपलं आपलं बघावं" म्हणत जिना उतरले. अकरा वर्षांत हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. माणूस वरच्या पायरीवर उभा असतो तोवर त्याला पायऱ्या फार आवडतात, कोणीतरी त्याच्याही वर जाऊन बसलं की मग जिनाच नको. श्रीखंड मी खाल्लं.

ह्याच जोशात मी बोलून बसलो, "त्यात काय एवढं, महिनाभर मी पण सोडून दाखवतो." बायकोने माझ्याकडे जे बघितलं ना, ते मी लग्नानंतर दोनदाच बघितलंय.

पहिल्या सकाळी सोयाचं दूध आलं. आल्याचा चहा उकळला, त्यात ते ओतलं आणि डोळ्यांदेखत फाटलं. कपात वर पिवळं पाणी आणि खाली पनीरसारखे गोळे, चहा प्यायचा की भाजी करायची कळेना. मग ओटचा पुडा आणला, तीनशेच्या घरात. त्याच्यावर दूध असं लिहिलेलंच नाही, सरकारचा नियम आहे म्हणे की दूध म्हणायचं नाही, मग मी रोज सकाळी चहात नक्की काय घालत होतो ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. लागतं कसं? रात्री भिजत घातलेले पोहे कोणीतरी विसरलंय आणि ते पाणी तुम्हाला प्रेमाने दिलंय, असं. चौथ्या दिवसापासून मी सकाळी "कोथिंबीर आणतो" म्हणून बाहेर पडायला लागलो आणि कोपऱ्यावरच्या अमृततुल्यमध्ये दोन कप मारून, बडीशेप चघळत, कोथिंबिरीची जुडी घेऊन परत.

तसं बघितलं तर चहाच्या कपावरून समाज फुटायची पुण्याची परंपरा जुनीच. १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये, म्हणजे ख्रिस्ती लोकांच्या हातची, चहा-बिस्किटं दिली म्हणून केवढं ग्रामण्य झालं, जातीबाहेर टाकायची भाषा झाली, टिळक-रानड्यांना प्रायश्चित्तं घ्यावी लागली. हे मी पोरीला सांगितलं तर ती म्हणाली, बघा ना, आणि आता तुम्ही रोज कोणाच्या हातचा पिताय विचारता का? आगरकरांची तर जिवंतपणी प्रेतयात्रा काढली होती ह्याच गावाने. मी म्हटलं, बाई, तू आगरकर नाहीयेस, तू फक्त कढी नको म्हणतेयस. रागावली. माझंही जरा चुकलंच ते.

आणि अशात आईने सत्यनारायण ठरवला. कोल्हापूरहून ताई आणि दाजी आले. दाजींच्या चार म्हशी, त्यामुळे येताना किटलीभर दूध, दही, लोण्याचा गोळा. पूजेला मी बसलो, वर उघडा, खाली लग्नातलं सोवळं. पोरगी शेजारी येऊन हळूच म्हणाली, "बाबा, हे रेशीम आहे. कोश उकळतात, आत किडा असतो." मी म्हटलं, "अर्धा उघडा आहेच, उरलेलं पण सोडू का?" गुरुजी पंचामृत कालवत होते. पोरीने त्यांनाही गाठलं, गुरुजी, दूध दही तूप मध साखर, ह्यातलं मला चार चालत नाही. गुरुजींनी मंत्र न थांबवता वाटी पुढे केली आणि मध्येच म्हणाले, "मग साखर घ्या." असा माणूस खरं तर कुठल्याही वादात सरपंच म्हणून बसवायला पाहिजे.

जेवणं झाली, दाजी अडकित्ता घेऊन बसले आणि पोरीने विषय काढलाच. जनावरांमुळे जगातल्या हरितगृह वायूंचे साडेचौदा टक्के, २०१३ चा एफएओचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न-शेती संघटनेचा आकडा, मिथेन, कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट तापवणारा, आणि तो येतो मुख्य करून ढेकरेतून.

दाजी : "आमची म्हस ढेकर देत्या म्हणून हितं गरम व्हाय लागलंय? आणि तुमच्या गाड्या?"

"तुमची एकटीची नाही हो मामा, देशात गाई-म्हशी मिळून तीस कोटी आहेत."

"मग एवढं दूध पितंय कोण, आमीच व्हय?"

मी मध्ये पडून १९९८ पासून दूध उत्पादनात भारत जगात पहिला आहे असं काहीतरी अभिमानाने म्हणालो, दोघांनीही माझ्याकडे लक्ष दिलं नाही. दाजींचं म्हणणं सरळ होतं. उसाचं बिल वर्ष-दीड वर्षानं, दुधाचं दर दहा दिवसाला. पोराची फी, दवाखाना, किराणा सगळं त्या दहा दिवसांवर. दूध संस्थेत सकाळ-संध्याकाळ फॅट मोजतात, फॅट घसरली की घरात सगळ्यांची तोंडं घसरतात. आणि शेणखत काय फॅक्टरीतून आणायचं? पोरगी हे सगळं ऐकून घेत होती, तिला ह्यावर पटकन काही सुचेना, आणि मला खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

मग तिने विचारलं, "मामा, रेडा झाला तर?"

अडकित्ता थांबला. दाजी पंख्याकडे बघायला लागले. "जगत न्हाई गं ते जास्त दिस," म्हणाले. थोड्या वेळाने, "परवडत न्हाई." सुपारीचं खांड तसंच हातात राहिलं. ताई उठून आत भांडी लावायला गेली. त्या दिवशी परत कोणी आकडे काढले नाहीत.

सोमवारी सकाळी मी उठलो तर दाजी आणि पोरगी गॅलरीत. दोघांच्या हातात कप, गप्पा चाललेल्या, बारकी म्हस लाथ कशी मारते वगैरे. मला वाटलं चला, पोरगी विरघळली, दुधाचा चहा घेतेय. जवळ जाऊन बघतो तर काळा. गुळाचा कोरा चहा. दाजींच्याही कपात कोराच.

"दाजी, तुम्ही पण?"

"आमचा काय, कायमचाच," दाजी म्हणाले. "दूध समदं डेअरीला. घरात कोण घालतंय चहात? न्हान पोरास्नी तेवढं कपभर ठेवायचं."

चार म्हशींचा मालक, पन्नास वर्षं कोरा चहा पितोय, वर्षानुवर्षं मी त्यांच्या घरी जातोय आणि दर वेळी माझ्या पुढ्यात आलेला घट्ट दुधाचा चहा हा पाहुण्याचा चहा होता हे मला आज कळलं. पोरगी काही बोलली नाही, नुसती बघत होती माझ्याकडे. तेवढ्यात बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं, ओटचा टाकू का तुम्हाला?

मी चपला घालत म्हटलं, "नको, आलोच, जरा कोथिंबीर आणतो."

"आज मेथी आणा," बायको आतूनच म्हणाली. "फ्रीजमध्ये सात जुड्या झाल्यात."